सैल कोपर

रोबोचं कोपर काटकोनात वाकवायचं, मुठीत त्याची बंदूक द्यायची आणि आपलं बोट काढून घ्यायचं. हात तसाच राहिला तर सांधा धड आहे. हळूहळू खाली उतरला तर सैल. बोट काढताक्षणी पडला, तर तो लुळा. ही तपासणी प्रत्येक सांध्याची करायची आणि निकाल कागदावर लिहायचा. हत्यारं त्यानंतर बाहेर काढायची.

आत्ता टेबलावर आहे तो लाल-निळा ऑप्टिमस प्राइम, ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांतला ट्रकचा रोबो. 1984च्या ऑप्टिमसच्या साच्यावरून पुढे ज्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांतला हा एक. एका मित्राचा आहे आणि मित्राआधी त्याच्या घरातल्या दोन पोरांच्या हातून गेलेला आहे. उजवं कोपर लुळं, डावा गुडघा सैल, एक मूठ भोकात नीट बसत नाही, एका स्क्रूचं तोंड कुणीतरी खाल्लंय, ट्रेलरवरच्या स्टिकरचा कोपरा उठलाय आणि धुराड्यांचा चकाकता मुलामा टोकांना उडालाय. यातलं काय दुरुस्त करायचं हे मित्राशी बोलून ठरतं. ‘सगळंच कर’ म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही.

सांधा सैल होतो म्हणजे काय, हे आधी बघू. दोन भाग एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणावरच हात हवेत तोलून राहतो. रोज थोडंथोडं घासून त्या पृष्ठभागाचा अगदी पातळ थर झिजतो. केसाहूनही बारीक फट पडते आणि तेवढ्यानं पकड जाते. भाग मोडलेला नसतो, कमजोरही झालेला नसतो. म्हणून ‘मजबूत’ करायला निघालेला माणूस इथे घोळ घालतो. तो भरपूर गोंद ओततो आणि सांधा कायमचा जाम करून ठेवतो. गेलेला थर, तेवढाच थर, परत द्यायचा असतो.

रूप बदलणाऱ्या खेळण्यात ही झीज दुप्पट. साध्या बाहुलीचं कोपर फक्त पोज घेण्यासाठी वाकतं. ट्रकचा रोबो करायचा तर प्रत्येक सांधा पूर्ण फिरावा लागतो, आणि परत ट्रक करताना पुन्हा पूर्ण. ऑप्टिमसचा हा साचा मुळात ट्रान्सफॉर्मर्ससाठी बनलाच नव्हता. जपानच्या ताकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ नावाची मालिका होती. पायांना चुंबक लावलेले इंचभर उंचीचे चालक आणि त्यांनी चालवायची यंत्रं, अशी तिची कल्पना. त्यात 1983 साली ‘बॅटल कॉन्व्हॉय’ नावानं हा ट्रक आला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं ताकाराचे असे साचे घेऊन ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले आणि यंत्राचं पात्र झालं. जपानमध्ये तो कॉन्व्हॉय याच नावानं आला. यंत्र म्हणून आखलेलं असल्यामुळे त्याच्या अंगात पिना, बिजागऱ्या आणि खटके जास्त, नाजूक वळणं कमी. दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीनं हे सुखाचं.

गोंदाला हात लावण्याआधी माल ओळखायचा. अशा रोबोत साधारण चार गोष्टी सापडतात. अंगाचा बराचसा भाग एबीएस प्लॅस्टिकचा: कडक, थोडा चमकदार, नखानं टकटक केलं की कोरडा आवाज. मऊ, थोडे लवचीक भाग पीव्हीसीचे. झिजणाऱ्या जागी कधीकधी पॉलिअ‍ॅसिटल असतं, त्याला पीओएमही म्हणतात. ते बोटाला मेणकट, निसरडं लागतं. आणि जुन्या जपानी खेळण्यांत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग. एबीएसवर जवळपास कुठलाही गोंद धरतो. पॉलिअ‍ॅसिटलवर धरत नाही. वर पापुद्रा बसतो आणि चार वेळा हात हलवला की सालीसारखा निघून येतो. दुरुस्ती टिकली नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा बऱ्याचदा दोष गोंदाचा नसतो, माल ओळखण्याचा असतो. अ‍ॅसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर मात्र एबीएसच्या जवळही आणायचं नाही. ते प्लॅस्टिक विरघळवतं.

आता कोपर. ते एका पोलादी पिनेवर फिरतं. पिनेचं एक टोक गुळगुळीत असतं आणि दुसऱ्या टोकाला बारीक खाचा पाडलेल्या असतात. खाचांचं टोक प्लॅस्टिकमध्ये रुतून बसतं, त्यामुळे पिन बाहेर पडत नाही. ठोकायचं ते गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे खाचांचं टोक ज्या वाटेनं आत गेलं त्याच वाटेनं बाहेर येतं. उलटं ठोकलं तर खाचा अख्ख्या भोकातून घासत जातात, भोक मोठं होतं आणि हाताचं प्लॅस्टिक तडकायची भीती. कुठलं टोक कुठे, हे भिंग लावून बघायचं. खाचांच्या बाजूला भोकाच्या कडेला प्लॅस्टिक किंचित ताणलेलं, पांढरट दिसतं. प्रत्येक पिनेची दिशा मी कागदावर काढलेल्या रोबोच्या चित्रावर बाणानं दाखवतो. पुढे कधी उघडायची वेळ आली तर पुन्हा शोधत बसावं लागत नाही.

पिन काढायला पंच लागतो, पिनेपेक्षा थोडा बारीक. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला असली हत्यारं मिळतात. सुईकानशीही तिथेच घ्याव्यात, त्या पुढे लागतातच. हात लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायचा, ठोकळ्याला पिन उतरेल एवढं भोक पाडलेलं हवं, आणि हलक्या हातोडीनं टुक, टुक, टुक. जोराचा एक ठोका देण्यापेक्षा हलके वीस बरे. पिन सरकली की आवाज बदलतो, थोडा बद्द होतो. तिथे थांबून पकडीनं ओढून घ्यायची.

पिन बाहेर आली की ती स्पिरिटनं पुसायची. बोटांचं तेल, जुनं ग्रीस, खिशातला कचरा, काय वाटेल ते असतं तिच्यावर. मग मधला भाग, म्हणजे ज्यावर हात प्रत्यक्ष फिरतो तेवढाच, बारीक पॉलिश पेपरनं खरखरीत करायचा आणि टूथपिकच्या टोकानं त्यावर फेविक्विकचा पातळ थर फिरवायचा. खाचांच्या टोकाला लावायचा नाही. आणि थर पूर्ण, अगदी पूर्ण वाळल्याशिवाय पिन परत घालायची नाही. सगळी कसोटी या वाट बघण्यात आहे. वरून कोरडा वाटणारा थर आतून ओला असला तर कोपर जन्माचं एका कोनात अडकतं. मी पिन रात्रभर कागदाच्या कपाखाली झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी बसवतो.

हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. अमेरिकेत ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हरना तो 1942 साली दुसऱ्या महायुद्धात सापडला. बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना तो हाती आला आणि ज्याला त्याला चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. विक्रीला आला तो 1958 साली. तो वाळतो हवेतल्या ओलाव्यानं, आणि मुंबई-ठाण्याकडे राहणाऱ्यांना हे लक्षात ठेवावं लागतं. जुलैत तो डोळ्यांदेखत पकडतो, पण त्याच ओलाव्यात त्याची वाफ आसपासच्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या धुरकट डागासारखी बसते. ऑप्टिमसच्या छातीवर ट्रकच्या पारदर्शक काचा आहेत. त्यांच्याजवळ पावसाळ्यात फेविक्विक उघडणं म्हणजे त्या काचांना निरोप. म्हणूनच पिन अंगापासून वेगळी काढून, लांबच्या टेबलावर लेपतो.

याउलट फेविकॉल. तो पाण्यातला गोंद, त्याचा थर मऊ आणि तात्पुरता, कोमट पाण्यानं सोलून काढता येतो. पावसाळ्यात तो पुन्हा थोडा मऊ पडतो हा त्याचा दोष. तरी ज्या जागी आपली खात्री नाही तिथे मी आधी फेविकॉलच लावतो. मुठीच्या दांड्याला तोच लावला. या साच्यात मुठी वेगळ्या असतात, ट्रक करताना काढून ठेवायच्या आणि रोबो करताना लावायच्या, म्हणूनच त्या हरवतात. बाजारात या साच्याचे बिनमुठीचे किती रोबो फिरत असतात ते संग्राहकांना विचारा. या रोबोच्या दोन्ही मुठी आहेत, त्यामुळे दांड्यावर एक पातळ थर, वाळला की दुसरा, आणि मूठ भोकात घट्ट बसली. नळाच्या दुकानातली टेफ्लॉन टेपही अशा जागी एक वेढा देऊन चालते. दिसायला वाईट, पण काढली की मागे काही उरत नाही.

नव्या रोबोंत गोळा आणि वाटी असे सांधे खूप असतात. तिथे पिन नाही, ठोकाठोकी नाही. गोळा वाटीतून ओढून बाहेर काढायचा, त्यावर थर द्यायचा, वाळवायचा आणि परत दाबून बसवायचा. बसत नसेल तर जोर न लावता वाटीचा भाग हेअर ड्रायरनं थोडा गरम करायचा. प्लॅस्टिक सैलावतं आणि गोळा आत जातो. थंडीत हे न केल्यानं वाटीच्या कडा फुटलेल्या पाहिल्यात.

गुडघ्याचं काम मिनिटाचं निघालं. तिथे स्क्रू होता आणि तो फक्त ढिला झाला होता. पण स्क्रूबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. जपानी खेळण्यांच्या स्क्रूवरची फुली बऱ्याचदा जपानी मानकाची असते. आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यात पुरतं उतरत नाही, घसरतं आणि तोंड खातं. या रोबोवरही कुणीतरी तेच केलं होतं. खाल्लेल्या तोंडावर रुंद रबरबँड ठेवून त्यावरून दाबून फिरवला आणि तो निघाला. दुसरी गोष्ट परत बसवतानाची. प्लॅस्टिकमध्ये स्क्रूनं स्वतःच आटे पाडलेले असतात. आधी तो उलटा फिरवायचा. एका जागी हलकेच ‘टक्’ करून तो जुन्या आट्यात उतरतो. तिथून मग सुलटा पिळायचा. असं न करता सरळ पिळला की नवे आटे पडतात, आणि असं दोनतीनदा झालं की भोकात पकडायला काही उरत नाही.

दिसण्याच्या दोषांवर मी फार वेळ घालवत नाही. भाग साच्यातून निघताना जिथे तुटतो तिथे राहिलेला प्लॅस्टिकचा कोंभ धारदार पात्यानं कापता येतो, कडेला बाहेर आलेली बारीक पापडी कानशीनं जाते. वाकून पांढरं पडलेलं प्लॅस्टिक गरम केल्यावर थोडं सुधारतं. स्टिकरचा उठलेला कोपरा ड्रायरनं कोमट करून, खाली टूथपिकनं चिमूटभर फेविकॉल लावून दाबून ठेवला. पण धुराड्यांचा मुलामा तसाच. तो रंग नसतो. निर्वात पोकळीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून केलेला कमालीचा पातळ थर असतो. वर चंदेरी रंग मारला की धुराडं जुन्याऐवजी रंगवलेलं दिसतं. मित्र म्हणाला, “थोडंसं टचअप?” मी नाही म्हटलं.

पिवळेपणाचंही तसंच. ऑप्टिमस लाल-निळा असल्यानं वाचलाय. याच साच्याचा पांढरा अल्ट्रा मॅग्नस आणि 1985चा जेटफायर पिवळे पडण्यासाठी बदनाम आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची युक्ती 2008च्या सुमाराला पसरली, तिला रेट्रोब्राइट म्हणतात. रंग खरंच उजळतो. पुढे तो परत पिवळाही होतो, अंधारात ठेवला तरी. हातमोजे घालून करणाऱ्यानं करावं, मी कुणाच्या वस्तूवर करत नाही. आणि काही जुन्या रोबोंच्या ज्या भागांच्या प्लॅस्टिकमध्येच सोनेरी चकाकी मिसळलेली असते, ते वयानुसार इतके ठिसूळ होतात की त्यांची पिन काढायलाच जायचं नाही. ते शोकेसमध्ये उभे राहिलेले बरे.

शेवटी पिन बसवली, कोपर वाकवलं, बंदूक दिली. हात राहिला. थोडा जास्तच घट्ट वाटला, म्हणून सांध्यावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडून दोनचार वेळा फिरवला. शिवणयंत्राचं तेल इथे नको, ते काही प्लॅस्टिकना खातं.

मित्र घ्यायला आला. मी त्याला सांगितलं की उन्हात ठेवू नकोस, ट्रेलरमधली स्प्रिंग दाबून ठेवू नकोस, आणि सारखा सारखा रोबोचा ट्रक करू नकोस, सांधे परत झिजतील. त्यानं माझ्यासमोरच मुठी काढल्या, हात दुमडले आणि ट्रक टेबलावर चालवून बघितला. “अरे, मग तो ट्रक कधी होणार?” मी पिनांच्या बाणांचा कागद घडी घालून त्याच्या खोक्यात टाकला.