शुगर: फिरून घरी आलेला शब्द

आष्ट्यात कुणी ‘मला शुगर आहे’ म्हटलं, की तो मधुमेहाबद्दल बोलतोय हे लगेच कळतं. पोत्यातली ती साखर, रक्तातली ती शुगर, अशी वाटणी आपल्या बोलीने करून टाकली आहे. दोन्ही शब्दांचं मूळ मात्र एकच.

संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे आधी वाळूची खडी, बारीक खडा. उसाचा रस आटवून दाणे पाडता येऊ लागले, तेव्हा त्या दाण्यांनाही तेच नाव मिळालं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी यादीच आहे, त्यातलं फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट पाक. प्राकृत ‘सक्करा’मधून मराठीला साखर मिळाली. दुसऱ्या वाटेने हाच शब्द फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच असा फिरत १३व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला. ‘खंड’ही त्याच मुलखांतून जाऊन ‘कँडी’ झाला.

‘जॅगरी’चा प्रवास मला याहून विलक्षण वाटतो. इंग्रजीत गुळाला मिळालेलं हे नावही शर्करेतूनच निघालेलं. दक्षिणेतल्या भाषांतून पोर्तुगीजांनी ते ‘जागरा’ म्हणून उचललं, आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतलं. म्हणजे कारंदवाडीच्या कारखान्यातली साखर आणि गुऱ्हाळातली गुळाची ढेप, दोघींची इंग्रजी नावं सख्ख्या बहिणी आहेत.