लघुपट: छोटी लांबी, मोठी परीक्षा

ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट म्हणजे लघुपट. नवे दिग्दर्शक इकडे वळतात त्याचं मुख्य कारण खर्च. मोबाइलवरही चित्रीकरण होतं, कलाकार मित्रमंडळींतलेच असतात, घर ओळखीच्या कुणाचं तरी. मात्र कलाकारांच्या जेवणापासून एडिटिंगपर्यंत सगळं स्वतःच्या खिशातून भागवताना आवाजाकडे हमखास दुर्लक्ष होतं. कॅमेरा थोडा हलला तर प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद पंख्याच्या घरघरीत बुडाले की उठून जातो.

उमेश कुलकर्णींचा २००४ चा 'गिरणी' या बाबतीत पाहण्यासारखा आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेल्या या लघुपटात घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज शाळकरी मुलाचा पिच्छा सोडत नाही. त्याची कुचंबणा कानांनी कळते. पुढे कुलकर्णींचे 'वळू', 'विहीर' हे चित्रपट आले. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' (२००९) शाळेची ओढ असलेल्या मुलाचा. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातला सूरज पवार नंतर मंजुळेंच्याच 'फँड्री' चित्रपटातही दिसला.

चित्रपट तयार झाला की खरी कटकट सुरू होते. थिएटरात लघुपटाला तिकीटबारी जवळपास नाहीच. महोत्सवांत पाठवायचं तर बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क, आणि काही महोत्सव आधी यूट्यूबवर टाकलेला चित्रपट घेत नाहीत. म्हणून घाईने अपलोड करण्याआधी नियमावली वाचावी. मुंबईत १९९० पासून भरणाऱ्या 'मिफ' या महोत्सवात माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपटांनाच जागा असते; नवख्याने तिथे एकदा तरी दिवसभर बसून यावं.