बायोडेटातली सिस्टर

नोकरी मागण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली होती, २००१ साली. जनरल नर्सिंगचा कोर्स संपला, कौन्सिलमध्ये नोंदणी झाली आणि मेट्रनबाईंनी तोंडीच विचारलं, "सोमवारपासून येतेस का?" झालं! त्यामुळे २२ वर्षांनी, २०२३ मध्ये, बायोडेटा लिहायला बसले तेव्हा पहिल्या ओळीतच अडखळले.

हॉस्पिटल सोडायचं ठरवलं ते रागाने नव्हे. पेशंटना कूस बदलून देता देता माझ्याच मणक्याने संप पुकारला. उचलायचं काम बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि वॉर्डात न उचलणारी सिस्टर कुणाला हवी? आरोग्यविम्याचे दावे तपासणाऱ्या एका ऑफिसात जागा असल्याचं मैत्रिणीकडून कळलं.

मी लिहिलं : इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, ड्रेसिंग करणे. बारावी झालेल्या लेकीने वाचलं आणि म्हणाली, "आई, त्या ऑफिसात तू सलाईन कुणाला लावणार?"

मी चिडलेच. पण ती सोडेना. "नाईटला गेल्यावर आधी काय करतेस?" म्हटलं, काय करणार? हँडओव्हर घेते. मॉर्फिनचं कुलूपबंद कपाट उघडून अँप्यूल मोजते, रजिस्टरशी ताळा जमवते, मग सही. एक जरी कमी भरली तरी आधीच्या पाळीची सिस्टर घरी जाऊ शकत नाही. "मग हे का नाही लिहिलंस?" याला कामात धरायचं असतं हेच माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं! डिस्चार्जच्या दिवशी बिल आणि औषधांचा चार्ट शेजारी ठेवून पाहायची सवयही तशीच. बिलात १० डोस आणि चार्टवर सह्या ७, हे दुसऱ्या कुणाच्या आधी आम्हाला दिसतं. त्या ऑफिसचं काम तरी दुसरं काय होतं?

गंमत पाहा, दिवा हातात घेऊन आम्ही जिच्या नावाने शपथ घेतली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातले मृत्यू आकृत्यांत मांडून दाखवलं होतं, की सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले. आम्हाला शिकवताना मात्र सगळा भर दिव्यावर!

सलाईन खोडलं, रजिस्टर लिहिलं. अडलं ते २०२० पाशी. अंगात पीपीई किट, हातात फोन. खाटेवरच्या आजोबांना मुलाचा चेहरा दिसावा म्हणून तो धरून मी उभी राहायचे. ते कुठल्या रकान्यात घालायचं? लेक म्हणाली, "संवादकौशल्य लिही." लिहिलं. रात्री उठून खोडलं. "अगं, नोकरी मिळेल ना त्याने," हे म्हणाले. मिळेना का!

मुलाखत घेणारा मुलगा माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान. त्याने बोट ठेवलं ते मॉर्फिनच्या ओळीवर. "मॅडम, रोज मोजायचात?" म्हटलं, दिवसातून तीनदा. पगार थोडा कमी ठरला, पण रात्री घरच्या. कौन्सिलची नोंदणी मी चालू ठेवली आहे. का, ते विचारू नका.

पहिल्याच आठवड्यात न्यूमोनियाची एक फाईल आली. चार्टवर कुणा सिस्टरचं टपोरं अक्षर, पहाटेच्या डोसपुढची सही तेवढी वाकडी. डोळा लागत असणार बिचारीचा. डोस मोजले. बिलाशी जुळले.