पोकळीचं वजन
अंतराळ स्थानकात डंबेल्स नेऊन उपयोग नाही. हलवायला थोडा जोर लागेल, पण पेलायला काहीच नाही. हाडांना मात्र ओझं लागतंच. ते मिळेनासं झालं की शरीर काटकसर करू लागतं आणि कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यानं उतरते.

यावर नासाचा उतारा म्हणजे 'एरेड' हे यंत्र. नोव्हेंबर २००८ मध्ये 'एंडेव्हर' यानातून ते वर गेलं. त्याआधीचं यंत्र रबरी भागांच्या ताणावर चालायचं आणि जेमतेम १३६ किलोपर्यंत जोर द्यायचं. हाडं राखायला तेवढं पुरेना. एरेडमध्ये दोन नळकांडी आहेत, आतली हवा काढून टाकलेली. बार उचलला की दट्ट्या बाहेर ओढला जातो आणि केबिनमधली हवा त्याला परत आत दाबते. तिचा दाब आपल्या समुद्रकाठच्या हवेइतकाच असतो. म्हणजे अंतराळवीर झुंजतो तो चक्क हवेशी! दांडा फिरवून हा जोर सुमारे २७२ किलोपर्यंत चढवता येतो. खाली गेलेला बार वर फिरवताना जिममध्ये हाताला जो हिसका बसतो, तो आणायला वेगळी जड चाकं जोडली आहेत. मला यंत्रातली ही बारकाई सगळ्यात आवडते.

आकडे ऐकून दबून जायचं कारण नाही. जमिनीवर बैठका मारताना बारबरोबर आपण स्वतःलाही उचलतो. वर स्वतःचं वजन शून्य, म्हणून तेही यंत्रावरच चढवावं लागतं. शिवाय या दणक्यांनी स्थानक हादरून नाजूक प्रयोग बिघडू नयेत म्हणून अख्खं यंत्र कंपनं शोषणाऱ्या जोडणीवर बसवलंय.

जोडीला ट्रेडमिल आहे आणि बैठक नसलेली सायकल. सुनीता विल्यम्स यांनी २००७ मध्ये पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर जखडून बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली. २०१२ मध्ये ट्रायथलॉनही केली, त्यातलं 'पोहणं' एरेडवर! एरवी रोजचे दोन-अडीच तास यातच जातात, तयारी-आवराआवर धरून. घाम ओघळत नाही, अंगालाच चिकटून साचतो. टॉवेलनं टिपत राहायचं.

फळ मिळालं. एरेडवर व्यायाम करून नीट खाणाऱ्यांची हाडांची घनता बऱ्याच अंशी टिकल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मात्र हाडांची झीज थांबलेली नव्हती. तिच्या जोडीनं नवी भर वाढली होती, इतकंच. अशा हाडाची मजबुती पूर्वीइतकीच असते का, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे परतल्यावरही सुटका नाही: पहिले ४५ दिवस रोज दोन तास, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली.