जुन्या मोटारींतील ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल : निवड व मिश्रण

जुन्या मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल कमी झाले असता हाताशी असलेले दुसरे तेल त्यात घालावे काय, या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : ‘चालते.’ या एका क्रियापदात तीन निरनिराळी विधाने दडलेली असतात. दोन तेले एकमेकांत मिसळतात, हे पहिले. मिसळल्याने गाळ वा फेस होत नाही, हे दुसरे. आणि झालेले मिश्रण मूळ तेलाचे काम करते, हे तिसरे. पहिली दोन विधाने खनिज तेलापासून केलेल्या जुन्या प्रकारांच्या बाबतीत बहुधा खरी ठरतात. गिअरबॉक्सचे आयुष्य मात्र तिसऱ्यावर अवलंबून असते, आणि पहिल्या दोहोंवरून त्याचा निर्णय होत नाही.

कारण असे की, या तेलाचे कार्य केवळ वंगणाचे नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच शक्तीचे वहन करते, झडपांतून दाब पोहोचविते, उष्णता वाहून नेते. आणि याशिवाय क्लचच्या चकत्या त्यात बुडालेल्या असतानाच एकमेकींस धरतात. इंजिनाच्या तेलाने घर्षण शक्य तेवढे टाळावे अशी अपेक्षा असते. येथे तेलाने ते योग्य प्रमाणात होऊ द्यावयाचे असते. तेलात घर्षण-नियंत्रक द्रव्य नसेल, तर दोन चकत्यांच्या वेगातील अंतर शून्याकडे येताना त्यांची पकड वाढते व गिअर झटक्याने पडतो. ते द्रव्य असेल, तर शेवटच्या क्षणी पकड किंचित सैल राहते आणि गिअर अलगद बदलतो. यांपैकी अमुक गुण श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. चकत्यांचा आकार, त्यांवरील अस्तर आणि दाब हे सारे अभियंत्यांनी एका विशिष्ट तेलास अनुसरून ठरविलेले असते.

जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला. त्याच कंपनीने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे तेलाचे प्रमाण प्रसिद्ध केले, १९५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली आणि १९६७ मध्ये ‘डेक्स्रॉन’ आणले. हे घर्षण-नियंत्रकयुक्त तेल होय. त्याच सुमारास फोर्डने नेमकी उलट वाट धरली. तिच्या ‘टाइप एफ’ तेलात असे द्रव्य नव्हते. फोर्डच्या सी-४ गिअरबॉक्ससाठी दीर्घकाळ हेच तेल सांगितलेले असे. अशा पेटीत डेक्स्रॉन भरल्यास चकत्या अधिक वेळ घसरतात, तापतात आणि कालांतराने जळतात. डेक्स्रॉनच्या पेटीत टाइप एफ घातल्यास गिअर धक्का देऊन पडतात. चालकास दुसरा दोष तत्काळ जाणवतो. पहिला गुळगुळीतपणाच्या रूपाने येतो, म्हणून तोच अधिक घातक. दोन्ही तेले लाल असतात. रंग घातला जातो तो गळती इंजिनाच्या तेलाहून वेगळी ओळखता यावी म्हणून. त्यावरून प्रकार कळत नाही.

नाव तेच राहून वस्तू पालटण्याचा प्रकारही येथे आढळतो. आरंभीच्या तेलांत घर्षण-नियंत्रणासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरीत असत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत त्यावर बंदी आली, तेव्हा डेक्स्रॉन-२ मध्ये पर्यायी द्रव्ये योजावी लागली. त्यांच्या एका आवृत्तीने शीतकातील जोड गंजू लागले व पुन्हा दुरुस्ती करावी लागली. पुढे डेक्स्रॉन-३ आले; २००५ मध्ये त्याहून पातळ डेक्स्रॉन-६ आले आणि ते आधीच्या डेक्स्रॉनच्या जागी वापरावे असे जनरल मोटर्सने सांगितले. हा वारसा डेक्स्रॉनपुरताच आहे. टाइप एफच्या जागेवर त्याचा हक्क पोहोचत नाही. गाडी फोर्डची आहे एवढ्यानेही निर्णय होत नाही, कारण १९८७ पासूनचे ‘मर्कॉन’ हे तेल डेक्स्रॉनच्याच वळणाचे आहे. म्हणून गाडीची मूळ पुस्तिका, आणि गिअरबॉक्स बदललेला असल्यास त्याच्यावरील क्रमांक, यांनाच प्रमाण मानावे लागते.

मिश्रण सर्वथा टाळता येते असेही नाही. तळाची तबकडी काढून तेल सोडले तरी बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहून जाते. समजा, एकूण १० लिटरांपैकी ४ लिटर बाहेर आले. नवे तेल भरून गाडी चालविली, की जुन्याचा अंश ६० टक्के उरतो. दुसऱ्या खेपेस ३६, तिसऱ्या खेपेस सुमारे २२, चौथ्या खेपेस १३. चुकीचे तेल पडले असेल, तर एकदा बदलून समाधान मानणे व्यर्थ होय. जुन्या काही कन्व्हर्टरांना तेल सोडण्याचा बूच असे. तो असल्यास हे श्रम वाचतात.

रस्त्यात गळती झाली आणि योग्य तेल मिळेना, तर मात्र विचार बदलतो. पातळी फार खाली गेली, की पंप हवा ओढतो, दाब पडतो व चकत्या त्याच प्रवासात जळू शकतात. अशा वेळी अर्धा लिटर दुसऱ्या प्रकारचे तेल घालून घर गाठणे व तेथे ते काढून टाकणे हेच शहाणपणाचे. ही सवलत सी. व्ही. टी. प्रकारच्या गिअरबॉक्सना लागू नाही, कारण त्यांच्या पट्ट्याला निराळ्याच घर्षणगुणांचे तेल लागते.

बाजारातील डब्यांवर ‘डेक्स्रॉन-३ ला अनुरूप’ असे शब्द अद्याप दिसतात. या नावाचे परवाने देणे जनरल मोटर्सने २००६ अखेर थांबविले. त्यानंतर भरलेल्या डब्यावरील ते शब्द म्हणजे विक्रेत्याचे स्वतःचे आश्वासन होय, आणि डबा घेताना त्या विक्रेत्याची पत तेवढी पाहावयाची उरते.