जॉयस्टिकला हात नको, चार्जिंगला जागा द्या!

ग्रुपमध्ये कोणाचा फोन २ टक्क्यांवर आला की लगेच तीन-चार जण पॉवर बँक पुढे करतात. पण वर्गातल्या मैत्रिणीच्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर त्याचा अर्थ आपल्यापैकी किती जणांना कळेल? फोन बंद पडला तर फार तर रील बघायची राहते. खुर्ची बंद पडली तर प्रॅक्टिकल बुडतं, बस चुकते आणि रोज एकटीने कॅम्पसभर फिरणाऱ्या मुलीला ढकलायला माणूस शोधावा लागतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. म्हणजे अशी खुर्ची आज नाही तर उद्या आपल्या वर्गात दिसणारच. चालवणारीला ती कशी सांभाळायची ते माहीत असतं. गोंधळ होतो तो मदतीला धावणाऱ्या आपल्यासारख्यांचा! म्हणून हा छोटासा क्लास.

आधी मशीन समजून घेऊ

बहुतेक खुर्च्यांमध्ये दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटर असतात. जॉयस्टिक ढकलाल त्या दिशेला खुर्ची जाते. जॉयस्टिक सोडली की मोटर थांबतात आणि ब्रेक आपोआप लागतो. वेग साधारण ताशी ६ किलोमीटर, म्हणजे आपण लेक्चरला उशीर झाल्यावर चालतो तेवढा. पण वजन? जुन्या पद्धतीच्या बॅटरीवाली खुर्ची रिकामी असतानाच ५० किलोच्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे 'एक राऊंड मारू दे ना यार' म्हणत जॉयस्टिकला हात लावायचा नाही. खुर्चीचा वेग आणि सेटिंग तिच्या हाताच्या सवयीने ठेवलेलं असतं, तुमच्या नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून चाकं मोटरपासून मोकळी करणारा एक लिव्हर असतो. तो फिरवला की आपोआप लागणारा ब्रेकही गेला! उतारावर हा लिव्हर फिरवला तर खुर्ची माणसासकट सुटते. म्हणून तो फक्त सपाट जागेवर, तिला विचारून आणि खुर्ची घट्ट धरून फिरवायचा. काम झालं की लगेच पूर्ववत करायचा.

रॅम्पवर शहाणपणा

चढ-उतारावर नेहमी सरळ रेषेत जायचं. तिरकं गेलं किंवा मध्येच वळलं तर खुर्ची कलंडू शकते. चढताना अंग थोडं पुढे, उतरताना मागे टेकून आणि वेग कमी. चालत्या खुर्चीचं पॉवर बटण बंद करायचं नाही, कारण ती धक्क्याने थांबते आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाऊ शकते. पट्टा बांधलेला हवा. मागे जी छोटी चाकं दिसतात ती शोभेची नाहीत, खुर्ची मागे उलटू नये म्हणून आहेत.

आणि हो, आपली सॅक तिच्या खुर्चीच्या मागे अडकवू नका! चढावर तेच वजन खुर्चीला मागे खेचतं. ओढणी चाकात आणि बॅगेचा पट्टा जॉयस्टिकमध्ये अडकतो, त्यावरही लक्ष हवं. खुर्चीतून बाकावर बसताना किंवा परत येताना आधी पॉवर बंद. नाहीतर कोपर जॉयस्टिकला लागतं आणि खुर्ची निघते. पायऱ्यांवरून माणसासकट खुर्ची उचलायच्या फंदात पडू नका. रिकामी उचलायची वेळ आलीच, तर मुख्य सांगाड्याला धरा. हाताची किंवा पायाची टेकणं निघून हातात येऊ शकतात.

बॅटरीचे लाड

बॅटरी मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली लेड-ॲसिड. यात बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटरी जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. 'पूर्ण संपू दे, मग लाव' हा सल्ला इथे घातक ठरतो. ही बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर क्षार साचून घट्ट होतात आणि तिची ताकद कायमची कमी होते. त्यामुळे थोडीच वापरली तरी रात्री चार्जिंगला लावायची आणि पूर्ण होऊ द्यायची. त्याला ८ ते १० तासही लागतात. रात्री लाइट गेली असेल तर सकाळी निघण्याआधी दिवे बघायचेच. बदलायची वेळ आली की दोन्ही बॅटरी एकदम बदलायच्या. एक जुनी, एक नवी अशी जोडी लावली तर नवीही लवकर जाते.

दुसरी लिथियम. ही हलकी असते आणि घडीच्या खुर्च्यांमध्ये जास्त दिसते. दिवाळीच्या सुट्टीत खुर्ची पडून राहणार असेल, तर लिथियम बॅटरी साधारण अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवायची. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करायची. लिथियम बॅटरी फुगली, वास आला किंवा हात लावल्यावर चटका बसला तर चार्जिंग तिथेच थांबवायचं आणि मेकॅनिकला दाखवायचं. उन्हातून आल्या आल्या लगेच प्लग लावायचा नाही.

चार्जर त्याच खुर्चीचा हवा. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. लेड-ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना ज्वलनशील हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ सिगारेट किंवा अगरबत्ती नको. टायरमध्ये हवेची ट्यूब असेल तर हवा तपासत राहायची. टायर मऊ असले की बॅटरी लवकर उतरते.

पावसाळ्यात जॉयस्टिकवर प्लॅस्टिकचं कव्हर असू द्यावं आणि साचलेल्या पाण्यात खुर्ची घालू नये. भिजलीच तर कोरड्या कपड्याने पुसायची, पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

आता आपला होमवर्क

एक, टेप घेऊन कॉलेजचा रॅम्प मोजा. रॅम्पसाठीचं प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. कमी भरली तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, सगळ्या वर्गाच्या सह्यांनिशी.

दोन, लायब्ररीत किंवा कॉमन रूममध्ये खुर्चीसाठी एक प्लग पॉइंट मागून घ्या. कोपऱ्यातला, कोणाच्या पायात वायर न येणारा. आणि तिथे आपले फोन लावून ठेवू नका!