काळ्या चेंडूची किंमत सात

‘बॉर्न विथ वाँट, इट्स वर्थ सेव्हन’ आणि पुढे कंसात पाच हा अक्षरांचा आकडा. इंग्रजी वर्तमानपत्रातील गूढ शब्दकोड्यात असे एखादे सूत्र आले, तर वाचणाऱ्यास प्रथम दारिद्र्यात जन्मलेल्या कुणा जीवाची करुण कहाणीच वाटावी. उत्तर मात्र स्नूकरच्या टेबलावर पडलेले असते. शब्दकोशात ‘बॉर्न’चे संक्षिप्त रूप ‘बी’ असते. ‘वाँट’ म्हणजे उणीव, तिचा दुसरा शब्द ‘लॅक’. दोन्ही जोडले की ‘ब्लॅक’, म्हणजे सात गुणांचा काळा चेंडू.

अशा सूत्राचे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात ते घडविण्याची रीत. कोणता भाग कोणता, हे मात्र रचनाकार सांगत नाही. पहिल्या वाचनात डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र बहुधा फसवेच निघते. ओरडण्यापुढे वेदनेचा उद्गार ठेवला, म्हणजे ‘येल’पुढे ‘आऊ’, की दोन गुणांचा ‘येलो’ मिळतो. संगीतात हळू आवाजासाठी ‘पी’ लिहितात; त्यास ‘इंक’ म्हणजे शाई जोडली की सहा गुणांचा ‘पिंक’. ‘प्राइड्स’ची सहा अक्षरे विस्कटून पुन्हा मांडली की ‘स्पायडर’ होतो. कोळी नव्हे, मध्ये आलेल्या चेंडूवरून काठी नेण्यासाठी वापरायची ती उंच पायांची टेकण!

स्नूकरचे शब्द रचनाकारांना प्रिय असण्याचे कारण उघड आहे. यातील बहुतेक शब्द दुहेरी संसार करणारे. ‘पॉट’ स्वयंपाकघरात भांडे, टेबलावर चेंडू जाळीत घालविणे. उलटा वाचला तर ‘टॉप’. ‘फ्रेम’ म्हणजे एक डाव, आणि एखाद्यावर खोटा आळ घेणेही. ‘रेस्ट’ विश्रांती, बाकी उरलेले आणि लांबच्या फटक्याचा आधार, अशा तीन अर्थांनी एकाच सूत्रात बसू शकतो. पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा एवढ्या चेंडूंच्या खेळात इतके शब्दभांडार असावे, याचे नवल वाटते.

या खेळाचे नाव आपल्याच देशात पडले. 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन हे नव्हेत) हा खेळ सुरू केला, असे मानले जाते. वुलविचच्या लष्करी विद्यालयातील नवख्या विद्यार्थ्यांना ‘स्नूकर’ म्हणत. चेंडू चुकविणाऱ्या सोबत्यास त्यांनी तेच नाव दिले. पुढे उटीच्या क्लबात नियम पक्के झाले. आज खेळात ‘स्नूकर’ करणे म्हणजे पांढऱ्या चेंडूची सरळ वाट अडविणे. अशा वेळी खेळाडूस टेबलाच्या कडेवर चेंडू आपटून वळसा घ्यावा लागतो. शब्दकोडे सोडविणाऱ्याची अवस्था याहून निराळी नसते.

वाट अडविण्यालाही मर्यादा आहे. ‘झिमेनीस’ या टोपणनावाने कोडी रचणारे डेरिक मॅक्नट यांनी 1966 मध्ये या कलेवर ग्रंथ लिहिला आणि रचनाकाराने नेमके व न्याय्य असावे, हा आग्रह धरला. दिशाभूल चालेल, परंतु सूत्रातील प्रत्येक शब्दाचा हिशोब लागला पाहिजे. एकही शब्द भरतीचा नको, एकही अर्थ कोशाबाहेरचा नको. व्यापारी घरांतील वाचकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. घासाघीस कितीही होवो, मापात खोट चालत नाही. स्नूकरमध्येही पंचाच्या नजरेतून सुटलेला स्वतःचा फाऊल खेळाडूने आपणहून सांगावा, अशी रीत आहे. हातातला डाव जाणार असला, तरीही.

घरातील आजोबांचे इंग्रजी पक्के असते, पण स्पायडर म्हणजे कोळीच हे त्यांना ठाऊक. नातू क्लबात खेळतो, पण ‘वाँट’चा जुना अर्थ त्यास माहीत नसतो. काळ्या चेंडूचे सूत्र दोघांपैकी एकट्यास सुटणे अवघड. दोघे एका कागदावर वाकले, तर दुकानाच्या वेळेआधी सुटते.

सुरुवातीस हे तीन अक्षरी सूत्र घ्यावे: रांगेसारखी ऐकू येणारी काठी. उत्तर टेबलाशेजारी, भिंतीला टेकून उभेच असते.